जर्मन ‘जखमी-बिल्ला’ तपासायला बसण्याआधीची तयारी

युद्धात जखमी झालेल्या जर्मन सैनिकांना मिळणारा हा बिल्ला हातात घेण्याआधी टेबल मांडून ठेवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा, छोटं लोहचुंबक, बाजूने उजेड पाडता येईल असा दिवा आणि सुती हातमोजे, एवढं लागेलच. खाली मऊ कापड पसरा. चिंच, पीतांबरी, पॉलिश यांना मात्र त्या खोलीतही आणू नका. धातूवर काळाने चढलेली छटा एकदा घासली गेली की मूळ मुलामा कसा होता याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो.

मग वहीत तारखा लिहून घ्या. कैसर विल्हेल्म दुसरा याने हा बिल्ला ३ मार्च १९१८ रोजी सुरू केला. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना रुपेरी, पाच किंवा अधिक जखमांना सोनेरी. नौदलाच्या बिल्ल्यावर शिरस्त्राणाऐवजी नांगर आला. १९३९ मध्ये तो नव्या घाटाच्या शिरस्त्राणासह आणि त्यावर नाझी स्वस्तिक घेऊन परत आला. जुन्या घाटाचं शिरस्त्राण आणि त्यावर स्वस्तिक असं दिसलं, तर तो स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्यांसाठीचा नमुना. १९५७ च्या कायद्याने स्वस्तिक वगळून अशी पदकं लावायला परवानगी दिली, त्यामुळे स्वस्तिक नसलेला प्रत्येक बिल्ला पहिल्या महायुद्धातला समजू नका. आपल्यासमोरचा तुकडा यातला कोणता हे ठरल्याशिवाय निर्मात्याच्या मागे लागूच नये.

धातू ओळखायला चुंबक आणि काटा पुरतो. काळे बिल्ले पातळ पत्र्यावर ठोकलेले, मागून पोकळ असतात. पत्रा लोखंडी असेल तर चुंबक चिकटतो. १९३९ च्या नमुन्यातले रुपेरी आणि सोनेरी बहुधा भरीव. आधीचे तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचे आणि नंतर, युद्धामुळे तांब्याची टंचाई झाली तसे, जस्ताचे. जस्तावरचा मुलामा टिकत नाही, म्हणून युद्धाच्या अखेरचे अस्सल तुकडेसुद्धा राखाडी, निस्तेज दिसतात. चकचकीत दिसतो म्हणून अस्सल मानू नका आणि मळकट दिसतो म्हणून टाकूनही देऊ नका.

बिल्ल्यावर ठोकलेल्या क्रमांकांवरून निर्मात्यांचं कोष्टक करताना दोन रकाने आखा, कारण घोळ इथेच होतो. पुढे ‘एल’ असलेले क्रमांक पदक-निर्मात्यांच्या संघटनेचे, दुकानातून विकल्या जाणाऱ्या मालासाठीचे; नुसते आकडे सरकारी पुरवठ्यासाठीचे. ल्यूडेनशाइडची श्टाइनहाउअर उंट ल्यूक ही एकच कंपनी पहिल्या रकान्यात एल/१६ आहे आणि दुसऱ्यात ४. नुसता १६ मात्र श्वेबिश ग्म्युंडच्या आलोइस रेटेनमायरचा. ‘३०’ म्हणजे व्हिएन्नाची टांकसाळ, ‘१०७’ हॅम्बुर्गचा कार्ल व्हिल्ड, ‘२६’ फोर्ट्‌सहाइमचा बी. एच. मायर. अनेक काळ्या बिल्ल्यांवर काहीच खूण नसते आणि तो दोष नव्हे.

तरी माझा आग्रह आहे की आकडा सगळ्यात शेवटी वाचावा. आकडा कोणीही नंतर ठोकू शकतो; मूळ ठशाची नक्कल त्याहून फार अवघड. आधी पालथ्या बाजूला भिंग लावा. बिजागरी कशी बसवली आहे, पिन गोल आहे की चपटी, आकडी कोणत्या तारेची, डाख कुठवर पसरला आहे, हे सगळं कागदावर काढा. मग पुढची बाजू: ठशावरचा ओरखडा किंवा तडा त्याच ठशाच्या पुढच्या तुकड्यांवर उमटत जातो, आणि पानांच्या कड्यातलं एखादं जाड पान कधीकधी शिक्क्यापेक्षा खात्रीने निर्माता सांगतं. खूण नसलेला बिल्लासुद्धा असाच त्याच्या निर्मात्याशी जोडता येतो. या कामातलं खरं सुख मला तिथेच वाटतं. साच्यात ओतून केलेल्या नकलेत बारीक रेषा बोथट होतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि मापही अनेकदा किंचित कमी भरतं.

व्हिएन्नाच्या रुडोल्फ सूव्हालच्या नावापुढे लाल खूण करा. सुभाषबाबूंनी जर्मनीत असताना स्थापलेली आझाद हिंदची पदकं याच कारखान्यात घडली, म्हणून आपल्याकडच्या संग्राहकांना हे नाव जवळचं वाटतं. पण युद्धानंतरही त्याचं उत्पादन चालू राहिलं, त्यामुळे नुसत्या नावावरून काळ ठरत नाही.

जर्मनीतून मागवणार असाल तर तिथल्या दंडसंहितेचं कलम ८६अ माहीत असू द्या. इतिहास-संशोधनासारखे अपवाद सोडले तर नाझी चिन्हं जाहीर दाखवता येत नाहीत, म्हणून विक्रेते छायाचित्रात स्वस्तिक झाकतात. पैसे देण्याआधी पालथ्या बाजूचं सरळ वरून घेतलेलं छायाचित्र, मिलिमीटरमधलं माप आणि वजन मागा. परत घेण्याची अट लेखी मिळवा.