डेटाबेस स्लो झालाय म्हणे! पोस्टग्रेसच्या कामात नवीन असाल तर

डेटाबेस स्लो आहे असा मेसेज आला की नवीन मुलं लगेच इंडेक्स (टेबलातल्या ओळी, म्हणजे रो, पटकन शोधून देणारी सूची) टाकायला धावतात, नाहीतर कुठेतरी वाचून शेअर्ड बफर्स (डेटाबेससाठी राखलेली मेमरी) वाढवून बघतात. मी बरीच वर्षं पोस्टग्रेस या डेटाबेसवर सपोर्टचं काम करतोय, आणि टीममध्ये कोणी नवीन आलं की पहिलं हेच सांगतो की बाबा, क्वेरी (डेटाबेसला दिलेली कमांड) खरंच काम करतेय की नुसती थांबलीय ते आधी बघ. ॲपवर दोन्ही सारखंच दिसतं, चक्र फिरत राहतं, पण उपाय पूर्ण वेगळे.

त्यासाठी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी हा व्ह्यू, म्हणजे आत्ता जोडलेल्या सेशनची यादी. त्यात स्टेट आणि वेट इव्हेंट टाइप हे दोन कॉलम बघायचे. वेट इव्हेंट टाइपमध्ये लॉक दिसलं म्हणजे दुसऱ्या कोणीतरी अडवून ठेवलंय, मग कितीही इंडेक्स टाका काही होणार नाही. कोण अडवतंय ते पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज फंक्शन सांगतं, ९.६ व्हर्जनपासून आहे. बहुतेक वेळा शेवटी सापडतं ते "आयडल इन ट्रान्झॅक्शन" सेशन, म्हणजे कोणीतरी बिगिननं ट्रान्झॅक्शन सुरू केलं, अपडेट मारला आणि कमिट (बदल पक्का) न करताच उठून गेलं.

अजून एक वाईट प्रकार म्हणजे भर गर्दीच्या वेळी चालवलेला ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी कमांड. तो स्वतः एखाद्या लांबलचक सिलेक्टच्या (डेटा वाचणाऱ्या क्वेरीच्या) मागे थांबतो आणि त्याच्यानंतर आलेले साधे सिलेक्टसुद्धा त्याच्या मागे थांबतात, बघता बघता डिफॉल्ट १०० कनेक्शन भरतात आणि सगळे म्हणतात सर्व्हर गेला. सर्व्हर कुठे गेलेला नसतो. असा बदल करताना लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) दोन-तीन सेकंदांचा लावा, नाही मिळालं लॉक तर परत ट्राय करा.

आता क्वेरी खरंच काम करत असेल तर एक्सप्लेन ॲनालाइझ, क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालली तो प्लॅन हा दाखवतो. आधी एक धोका, हा क्वेरी खरोखर चालवतो, त्यामुळे डिलीटवर लावला तर डेटा खरंच उडतो, म्हणून बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच चालवायचा. प्लॅन बघून सगळ्यांचं लक्ष कॉस्टवर जातं, पण कॉस्ट म्हणजे मिलिसेकंद नव्हेत, प्लॅनरचं (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचं) आपलं एक माप आहे ते. मी आधी अंदाजे रो आणि प्रत्यक्ष रो यांतली तफावत बघतो. प्लॅनरला वाटलं १ रो येईल म्हणून त्यानं नेस्टेड लूप (बाहेरच्या प्रत्येक रोसाठी आतलं टेबल बघायचं) निवडला आणि आल्या ८०,०००, मग आतलं टेबल ८०,००० वेळा चाळलं जाणारच ना. आणि लूप्स लिहिलेलं असेल तर दिसणारा वेळ एका फेरीचा सरासरी असतो, गुणाकार आपण करायचा. हे इंटरव्ह्यूलासुद्धा बऱ्याच जणांना सांगता येत नाही.

अंदाज चुकतो कशामुळे? बऱ्याचदा स्टॅटिस्टिक्स (डेटाबद्दलची प्लॅनरकडची आकडेवारी) जुने असतात. टेबलातला साधारण १० टक्के डेटा बदलल्यावर ऑटोव्हॅक्यूम (मागे आपोआप चालणारी साफसफाई) स्वतः ॲनालाइझ करतो, म्हणजे हे स्टॅटिस्टिक्स ताजे करतो, वरच्या एक्सप्लेन ॲनालाइझपेक्षा हे वेगळं, पण तुम्ही आत्ताच मोठा लोड मारला आणि लगेच रिपोर्ट चालवला तर त्याला वेळच मिळालेला नसतो, तिथे हातानं ॲनालाइझ चालवा. दुसरं कारण म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेले कॉलम, जसं राज्य आणि जिल्हा. प्लॅनर त्यांना स्वतंत्र समजून शक्यतांचा गुणाकार करतो आणि आकडा फारच कमी काढतो. १० व्हर्जनपासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स त्यासाठीच आहे, पण वापरणारे फार कमी बघितलेत.

सिक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं) दिसला म्हणून घाबरू नका, टेबल छोटं असेल किंवा निम्म्या रो हव्याच असतील तर तोच बरोबर. इंडेक्स असून वापरला जात नसेल तर वेअरमध्ये (क्वेरीच्या अटीत) कॉलमवर लोअर किंवा डेट असं फंक्शन लावलंय का बघा, लाइकच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आहे का बघा. आणि फॉरिन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा कॉलम) टाकली की त्या कॉलमवर इंडेक्स आपोआप होतो हा गैरसमज काढून टाका, पोस्टग्रेसमध्ये नाही होत.

व्हॅक्यूमबद्दल थोडंसं. अपडेट केला की जुनी रो तिथेच राहते आणि नवी लिहिली जाते, जुन्या साफ करायचं काम व्हॅक्यूमचं. डिफॉल्ट सेटिंगला साधारण २० टक्के रो मेल्यावर तो चालू होतो, म्हणजे १० कोटी रोच्या टेबलात २ कोटी मेलेल्या रो साठेपर्यंत काहीच नाही, अशा टेबलांना हा आकडा वेगळा कमी करून ठेवावा लागतो. आणि ते वर सांगितलेलं अपडेट मारून सोडून दिलेलं सेशन आहे ना, ते इथेही आडवं येतं, ते उघडं असताना त्यानंतर मेलेल्या रो व्हॅक्यूमला काढताच येत नाहीत.

प्रॅक्टिस करायची तर स्वतःच्या मशीनवर जनरेट_सिरीज या आकड्यांची रांग बनवणाऱ्या फंक्शननं ५० लाख रोचं टेबल बनवा. १०० रोवर काहीच शिकायला मिळत नाही, तिथे प्लॅनर इंडेक्सकडे बघतसुद्धा नाही. आणि पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (कोणती क्वेरी किती वेळा आणि किती वेळ चालली ते नोंदवणारं एक्स्टेन्शन) चालू करून ठेवा, त्यासाठी सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो. त्यातली यादी सरासरी वेळेनं लावू नका, एकूण वेळेनं लावा, कारण ५ मिलिसेकंदांची क्वेरी तासाला लाखो वेळा चालत असेल तर रात्रीच्या त्या एका जड रिपोर्टपेक्षा जास्त सीपीयू तीच खाते, आणि तक्रार मात्र नेहमी रिपोर्टचीच येते.