दोह्याला जायच्या आधी पुण्यात बसून कतारचा किनारा कसा बघायचा

डेझर्ट सफारी बुक केलीये ना, मग आधी लॅपटॉपवर गुगल अर्थ उघडा, मोबाईलवर मजा नाही. आपल्याला सिंहगडाच्या काळ्या बेसॉल्टची सवय, कतार मात्र बहुतेक सगळा चुनखडीचा, तोही समुद्राच्या तळाशी साचलेला.

सर्चमध्ये खोर अल उदैद टाका, कतारच्या आग्नेय कोपऱ्यातली समुद्राची खाडी आहे. तिथल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकड्या म्हणजे बारखान, त्यांची टोकं आग्नेयेकडे असतात कारण शमाल वारा वायव्येकडून येतो आणि वाळू ढकलत ढकलत शेवटी समुद्रातच नेऊन टाकतो. आता टाइमलॅप्स लावा, म्हणजे वर्षावर्षांची सॅटेलाइट चित्रं एकामागून एक, १९८४ पासूनचं दिसतं, पण एकच टेकडी धरून बसा नाहीतर डोळे फिरतात आणि कळत काहीच नाही.

मधले पांढुरके सपाट पट्टे म्हणजे सबखा. खालचं खारं पाणी वर चढतं, उन्हाने आटतं, मीठ आणि जिप्सम मागे राहतं. वरून कडक वाटतं पण गाडी रुतते, तेव्हा ड्रायव्हरला उगाच शॉर्टकट सुचवू नका.

पश्चिमेला झिक्रीत नावाच्या ठिकाणी वाऱ्याने कोरलेले, मश्रूमच्या आकाराचे चुनखडीचे खडक आहेत, ते सॅटेलाइटवर कळत नाहीत, तिथे जाऊनच बघा, भर दुपारी नको.