मूल भडकलंय? बालगृहात या चुका टाळा

बालगृहातला राडा बहुधा ताटावरून, चपलेवरून नाहीतर टीव्हीच्या रिमोटवरून सुरू होतो. खरं कारण मात्र दुपारीच घडून गेलेलं असतं. भेटीच्या दिवशी आई आलीच नाही, घरी पाठवायचा निर्णय बालकल्याण समितीने पुढच्या तारखेवर टाकला, शाळेत कुणीतरी आईबापावरून बोललं. संध्याकाळच्या पाळीला आलेल्या काळजीवाहकाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला दिसतं ते भिंतीवर आपटलेलं ताट. पुढची दोन मिनिटं कशी जातात यावर सगळ्यांची रात्र ठरते, आणि त्या दोन मिनिटांत मुलापेक्षा मोठी माणसंच जास्त चुकतात.

सगळ्यांसमोर जिंकायला जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पंधरा वर्षांच्या मुलाभोवती वीस पोरं गोळा झाली की माघार घेणं म्हणजे इज्जत गेली. आणि समोरच्या सरांनाही तेच वाटत असतं: आज ऐकून घेतलं तर उद्या सगळे डोक्यावर बसतील. दोघेही अडून बसतात, आवाज चढत जातो.

इथे मुलाला हलवायला जाऊ नका, बघे हलवा. एका सहकाऱ्याने बाकीच्यांना हॉलमध्ये न्यावं, तेही "चला, इथे काय तमाशा आहे का" असं न ओरडता. भडकलेल्या मुलाला दंडाला धरून ऑफिसकडे ओढलं की नुसत्या रागाची झटापट होते. ताट फेकल्याचा हिशेब उद्या सकाळीही होतो. तो त्याच क्षणी व्हायला हवा, हा हट्ट आपला असतो.

दारात उभं राहणं

मूल पळून जाईल या धास्तीने माणूस नकळत दार अडवतो. कोंडलं गेल्यासारखं वाटलेलं मूल मग तुमच्या अंगावरून वाट काढतं. दोन हातांचं अंतर ठेवा, छाती रोखून समोर न येता थोडं तिरकं उभं राहा, हात दिसतील असे मोकळे ठेवा. त्याला आणि तुम्हाला, दोघांनाही बाहेर पडायला वाट हवी. बोट रोखणं नको, किल्ल्यांचा जुडगा वाजवणं नको. मागून येऊन खांद्यावर हात तर अजिबात ठेवू नका. तुम्ही मायेने ठेवाल, पण घरी मार खाल्लेल्या किंवा अत्याचारातून सुटून आलेल्या मुलाचं अंग त्या स्पर्शाचा वेगळाच अर्थ लावतं.

एकाच वेळी तिघांनी बोलणं

अधीक्षक दरडावतात, मावशी समजावतात, वॉचमन मध्येच "जाऊ दे रे" म्हणतो. त्या अवस्थेत मुलाच्या कानात यातलं काही शिरत नाही. एकानेच बोलावं, आणि ज्याचं त्या मुलाशी जमतं त्याने बोलावं. पुष्कळदा ते स्वयंपाकाच्या मावशींना जमतं, तेव्हा हुद्दा बाजूला ठेवून त्यांना पुढे करायला कमीपणा वाटून घेऊ नये.

वाक्यं छोटी हवीत. "चिडलायस, दिसतंय मला. इथे बसतोस की बाहेर ओट्यावर?" एवढं बोलून गप्प राहा. दोन्ही पर्याय तुम्हाला खरोखर चालणारे असू द्या. "का केलंस असं?" हा प्रश्न आत्ता नको, त्याचं उत्तर त्यालाही सापडलेलं नसतं. आणि ओरडून "शांत हो!" म्हटल्याने कुणी शांत झाल्याचं ऐकिवात नाही.

दोन वाक्यं कितीही राग आला तरी तोंडातून जाता कामा नयेत. पहिलं, "म्हणूनच तुला घरच्यांनी इथे टाकलंय." दुसरं, "थांब, समितीसमोर उभा करतो." पहिल्याने काय होतं ते सांगायला नको. दुसरं साधं वाटतं, पण बालकल्याण समिती मुलाच्या संरक्षणासाठी आहे. तिचा बागुलबुवा केला, तर उद्या खरोखर कुणी त्रास दिला तेव्हा हेच मूल समितीपुढे तोंड उघडणार नाही.

जेवण, फोन, खोली

"आज जेवण बंद", "या रविवारी घरी फोन नाही", "बस खोलीत कोंडून". मारत तर नाही ना, अशी स्वतःची समजूत घालून या शिक्षा सर्रास दिल्या जातात. स्वातंत्र्य काढून घेतलेल्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये केलेल्या नियमांत एकांतकोठडी, जेवण कमी करणं आणि घरच्यांशी संपर्क तोडणं या तिन्ही गोष्टींना शिस्तीच्या नावाखालीही मनाई आहे. मारण्याबद्दल तर आपलाच कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८२ नुसार संस्थेतल्या कर्मचाऱ्याने शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा केली, तर पहिल्यांदा दोषी ठरल्यावर दहा हजार रुपये दंड होतो. पुन्हा केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय नोकरी जाण्याची आणि मुलांसोबतचं काम कायमचं बंद होण्याची तरतूद आहे.

धरून ठेवणं

मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तरच आणि तेवढ्यापुरतंच. सामान मोडतोय म्हणून नाही. खुर्ची पुन्हा आणता येते. पालथं पाडून पाठीवर गुडघा किंवा वजन देणं जिवावर बेतू शकतं, कारण छाती दाबली गेली की श्वास घेता येत नाही. "श्वास येत नाही" असं मूल म्हणालं तर ते बहाणा करतंय का, हे तपासत बसू नका, तत्काळ सोडा.

ब्लेड हातात घेतलं, फिनाइल पिईन म्हणालं, तर "नाटक आहे" हा शेरा कुणीही मारू नये. आजूबाजूच्या वस्तू दूर करा, मुलाला एकटं सोडू नका, समुपदेशक किंवा डॉक्टरांना बोलवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

लगेच माफी मागायला लावणं

आवाज खाली आला म्हणजे राग उतरला असं नसतं. शरीरातली धग जायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, कधी जास्तही. त्याआधी "सरांची माफी माग" म्हटलं की दुसरा भडका ठरलेलाच. पाणी द्या, उरलेलं जेवण झाकून ठेवा, झोपायच्या वेळेचा नियम थोडा सैल करा. दुसऱ्या दिवशी, बाकीची मुलं शाळेत गेल्यावर, काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐका. भिंत पुसायची असेल तर ती त्याने तेव्हा पुसावी.

नोंदवहीतली एक ओळ

"मुलाने गैरवर्तन केले, समज देण्यात आली." अशा नोंदींनी वह्या भरलेल्या असतात आणि पुढच्या पाळीला त्यांचा शून्य उपयोग असतो. ताट फेकण्याआधी काय झालं, कोण काय बोललं, कशाने तो बसला, एवढं लिहा. दोन-तीन वेळा तेच दिसलं, म्हणजे समजा दर भेटीच्या रविवारी किंवा राखीच्या आसपास, तर ते त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात जायला हवं. आणि पाळी बदलताना तोंडी सांगा: "आज याची आई आली नाही. जेवायला थोडं उशिरा बोलवा."