सायलेन्सरमधून सडक्या अंड्याचा वास: माझा अनुभव

जुनी पेट्रोल गाडी. चढ चढून थांबलो की मागून सडक्या अंड्यासारखा भपकारा यायचा. आधी संशय बॅटरीवर, कारण जास्त चार्ज झाली की तीही असाच वास सोडते. मीटर लावला: इंजिन चालू असताना 14.1 व्होल्ट. म्हणजे ती निर्दोष.

‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदल’ असा सगळ्यांचा धोशा (म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग). पण पेट्रोलमधल्या गंधकाचा तिथे हायड्रोजन सल्फाइड (हाच तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) होतो तो बहुधा मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्यामुळे. महागडा भाग बदलूनही मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

स्पार्क प्लग काढले, चारही काजळीने काळेकुट्ट, म्हणजे पेट्रोल खरंच जास्त जात होतं. मग फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) बारीक व्हॅक्यूम नळी उपसली आणि पेट्रोलचा थेंब बोटावर पडला. तिथे पेट्रोल असायचं कारणच नाही! आतला पडदा फाटला होता आणि इंजिन त्या नळीतून पेट्रोल ओढत होतं.

इंजिन थंड झाल्यावर लाइनमधलं प्रेशर सोडलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, रेग्युलेटर बदलला. डिपस्टिकलाही (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास होता, म्हणून ऑइलही बदललं. प्लग मात्र साफ करून तेच बसवले (कंजूषपणा, पण चालले). वास दोन-तीन दिवस रेंगाळला, मग गेला.