प्रोटियसमध्ये आर्डुइनोची लायब्ररी टाकताय? या चुका टाळा

प्रोटियस म्हणजे संगणकावर सर्किट काढून चालवून बघायचं सॉफ्टवेअर. त्यात आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड हवा असेल तर त्याची लायब्ररी, म्हणजे पार्टच्या फायलींचा संच, टाकावी लागते. सबमिशनचा आठवडा आला की लॅबमध्ये एकच ओरड: "सर, लायब्ररी टाकली, पण पार्ट सापडतच नाही." कुठे टाकली? "डाउनलोड्समध्ये." झिप उघडून आत डोकावलं की लायब्ररी बसली, असं यांना वाटतं. आधी एक्स्ट्रॅक्ट करा. मग लिब (.LIB) आणि आयडीएक्स (.IDX), दोन्ही फायली प्रोटियसच्या लायब्ररी फोल्डरमध्ये कॉपी करा.

प्रोटियस ८ मध्ये तो फोल्डर बहुधा सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटात असतो, आणि विंडोज प्रोग्रामडेटा लपवून ठेवतं. दिसला नाही म्हणून स्वतःच 'लायब्ररी' नावाचा नवा फोल्डर करणारे महाभागही आहेत. मी शोधाशोध करतच नाही. सिस्टम सेटिंग्जमध्ये लायब्ररीचा पत्ता दिलेला असतो, तिथूनच उचलतो. कॉपी झाल्यावर प्रोटियस बंद करून पुन्हा उघडा. हे सांगावं लागतं, काय करणार!

आता माझा खरा राग. फायनल इयरच्या एका ग्रुपने ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डाची लायब्ररी कुठून तरी आणली. बोर्ड हुबेहूब, रिले, एलसीडी, वायरिंग सगळं चकाचक. प्ले दाबलं की 'नो मॉडेल स्पेसिफाइड'. पोरांनी रात्रभर फोल्डर बदलले, प्रोटियस काढून परत टाकलं, सकाळी लाल डोळ्यांनी माझ्यापुढे हजर. चूक फोल्डरची नव्हतीच. त्या लायब्ररीत फक्त चित्र आणि पीसीबीचा फूटप्रिंट, म्हणजे छापील बोर्डावर पार्ट बसवायचा आराखडा, होता. कोड चालवणारं मॉडेलच नव्हतं. आर्डुइनो उनो चालतो, कारण त्यावरच्या एटमेगा३२८पी चिपचं मॉडेल प्रोटियसकडे मुळातच आहे. शेवटी सिम्युलेशन उनोवर केलं आणि वायफाय खऱ्या बोर्डावर दाखवलं.

म्हणून माझी सवय: नवा पार्ट आला की कोऱ्या शीटवर एकटाच ठेवायचा, १३ नंबरच्या पिनला रेझिस्टर आणि एलईडी, ब्लिंक या एलईडी लुकलुकवणाऱ्या प्रोग्रामची हेक्स फाइल (कंपाइल झालेला कोड), प्ले. एलईडी लुकलुकला तरच बाकीचं सर्किट. "सर, वेळ नाही" म्हणणारेच रात्री जागतात.

हेक्ससाठी आर्डुइनो आयडीईच्या (आर्डुइनोचा कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) स्केच मेनूत 'एक्सपोर्ट कंपाइल्ड बायनरी' आहे. दोन हेक्स मिळाल्या तर नावात बूटलोडर नसलेली घ्या. काही सेन्सरच्या लायब्ररीसोबत वेगळी हेक्स येते. ती सेन्सरच्या प्रॉपर्टीत टाकायची, उनोच्या नाही.

नुसती एटमेगा३२८पी चिप वापरत असाल तर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग ठरवणारा ठोका, बघा. कोड १६ मेगाहर्ट्झसाठी कंपाइल केलेला आणि चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालत असेल, तर एक सेकंदाचा डिले दोन सेकंदांचा होतो. ९६०० बॉड रेट (सिरियल डेटाचा वेग) ४८०० वर येतो आणि व्हर्च्युअल टर्मिनलवर, म्हणजे तो डेटा दाखवणाऱ्या खिडकीत, नुसता कचरा उमटतो. अशा वेळी लायब्ररीला शिव्या देऊ नका, चिपच्या प्रॉपर्टीत जाऊन फ्यूज (क्लॉक वगैरे ठरवणाऱ्या चिपच्या सेटिंग्ज) आणि क्लॉक फ्रिक्वेन्सी दुरुस्त करा.