जर्मनीत नव्याने येणाऱ्या पुणेकरांसाठी: साथीच्या दिवसांतील प्रवास आणि पहिला पंधरवडा

पुण्याहून जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येणारी मंडळी प्रवासाची तयारी चोख करतात. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्या-खाण्याची रक्कम आधीच अडकवून ठेवायचे खाते), विद्यापीठाचे पत्र, बॅगांचे वजन, प्रेशर कुकर, सारे काही महिनाभर आधी ठरलेले असते. मात्र इथे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात सडकून ताप भरला तर काय करायचे, याचा विचार फार थोड्यांनी केलेला असतो. श्टुटगार्टमध्ये बरीच वर्षे राहून नव्याने येणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगत आलो आहे: आजार टाळण्याची काळजी घ्याच, पण आजारी पडण्याची तयारीही करून निघा. पहिल्या पंधरवड्यात तुमच्याकडे नेहमीचा डॉक्टर नसतो, विम्याचे कार्ड हाती आलेले नसते, शेजाऱ्यांशी ओळख झालेली नसते, आणि ताप नेमका रविवारी आला तर दुकानेही बंद असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी त्यासंबंधीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. निर्बंध उठले, तरी विषाणू कुठे गेलेला नाही. त्यातच इथल्या विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि सर्दी-फ्लूचा हंगामही त्याच सुमारास मूळ धरतो. त्यामुळे पुढे लिहिलेले बहुतेक सारे एरवीच्या वर्षीही उपयोगी पडेल. साथ जोरात असेल तेव्हा त्यावाचून गत्यंतर नसते.

प्रवासातला संसर्ग म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर विमान येते. माझ्या मते धोका त्याआधीच सुरू होतो. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. दुबईच्या सहलीवरून परतलेल्या एका दांपत्याला नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणाऱ्या टॅक्सीच्या चालकालाही लागण झाल्याचे निष्पन्न झाले. आजही जर्मनीला निघालेले बहुतेक पुणेकर मुंबईहूनच विमान पकडतात, म्हणजे द्रुतगती मार्गाने तीन-चार तास, काचा बंद, एसी सुरू, आणि सोडायला आलेले मामा, मावशी, दोन चुलत भावंडे एकाच गाडीत. उडत्या विमानात हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलली जाते आणि पुन्हा आत सोडली जाणारी हवा हेपा या अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते. तुमच्या गाडीत यातले काहीच होत नाही. म्हणून साथीच्या दिवसांत निरोप घरीच घ्यावा, गाडीत एक-दोघांनीच बसावे, काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात आणि शेअर टॅक्सी टाळावी. निघण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत घरोघरी होणारी निरोपाची जेवणेही आवरती घ्यावीत. कोणाला राग आला तर येऊ द्यावा; तिकिटाच्या दिवशी तुम्ही तापाने फणफणलेले असलात तर ते कोणालाच परवडणारे नसते.

विमानातही खरी काळजी घ्यायची ती रांगेत, बसमध्ये आणि विमान जमिनीवर थांबलेले असताना, कारण तेव्हा हवेची ती व्यवस्था पूर्ण क्षमतेने चालू असेलच असे नाही. एन-९५ किंवा युरोपातला त्याच्या जवळपासचा एफएफपी२ मास्क नाकावर घट्ट बसणारा असावा. दाढी वाढवलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण केसांतून हवा शिरली की चांगल्या मास्कचाही उपयोग उरत नाही. जेवणाच्या वेळी सगळे एकदम मास्क काढतात. शेजाऱ्याचे उरकेपर्यंत थांबून मग आपण जेवले तर काही बिघडत नाही. लांबच्या प्रवासात पाणी पीत राहावे आणि मधूनमधून उठून चालावे, हे निराळे सांगायला नकोच.

कागदपत्रांच्या बाबतीत २०२१ साल पुणेकर विद्यार्थ्यांच्या चांगलेच लक्षात राहील. कोविशील्ड पुण्याजवळच्या आपल्या मांजरी गावात तयार होत होती, जागतिक आरोग्य संघटनेने तिला १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मान्यताही दिली होती, तरी युरोपीय संघाच्या डिजिटल प्रमाणपत्राच्या मूळ व्यवस्थेत तिचे नाव नव्हते आणि एकेका देशाला तिला स्वतंत्रपणे स्वीकारावे लागले. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. भारतात दोन डोसांमध्ये १२ ते १६ आठवड्यांचे अंतर ठेवले गेले होते, त्यामुळे परदेशी निघालेल्यांसाठी ते २८ दिवसांवर आणण्याची खास सवलत त्या वर्षी जूनमध्ये द्यावी लागली, आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडण्यासाठीही धावाधाव झाली. यातून घेण्यासारखे इतकेच की लस कोणती घेतली यापेक्षा ती जायच्या देशाला मान्य आहे का, प्रमाणपत्रावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, आणि वाटेत दोहा, दुबई किंवा अबूधाबीला विमान बदलायचे असेल तर तिथले नियम काय आहेत, हे तिकीट काढण्यापूर्वी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पाहावे. एजंटाचे तोंडी आश्वासन किंवा कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावरचा निरोप यांवर विसंबू नये. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस जर्मनीने भारताला विषाणूच्या नव्या प्रकाराचे क्षेत्र ठरवले आणि अवघ्या दोन-चार दिवसांत प्रवासाचे सारे गणित बदलले, म्हणून तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे. त्याचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड बहुतेक घरांत आईच्या फायलीत जपलेले असते, तेही सोबत आणावे. १ मार्च २०२० पासूनच्या इथल्या कायद्याप्रमाणे बालवाडीत, शाळेत किंवा रुग्णालयात काम करायचे असेल तर गोवराच्या लसीचा पुरावा मागितला जातो.

आता विम्याविषयी थोडे सविस्तर, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. तिशीच्या आतील विद्यार्थ्यांना इथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात सवलतीच्या दरात प्रवेश मिळतो, परंतु हे संरक्षण विद्यापीठात नावनोंदणी झाल्यावर आणि सत्र सुरू झाल्यावर लागू होते, विमानतळावर पाऊल ठेवल्यापासून नव्हे. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होत असेल आणि तुम्ही १० सप्टेंबरला उतरलात, तर मधले तीन आठवडे भारतातून घेतलेल्या प्रवासी विम्यावरच काढायचे असतात. तो घेताना बहुतेक जण व्हिसाला लागणारा ३०,००० युरोंचा आकडा तेवढा पाहतात आणि सर्वांत स्वस्त योजना उचलतात. आकड्याखालची बारीक अक्षरे वाचा. महासाथीतला आजार त्यात धरला आहे की वगळला आहे, आधीपासून असलेला दमा किंवा मधुमेह बळावला तर काय, डॉक्टरचे पैसे आधी खिशातून भरून नंतर मागायचे आहेत का, आणि विलगीकरणात हॉटेलात राहावे लागले तर तो खर्च मिळतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा नकारार्थी असते, म्हणून चौदा दिवस राहण्या-जेवण्याचे पैसे हाताशी वेगळे ठेवावेत. ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकलेले असून उपयोगाचे नाहीत, कारण इथले बँक खाते उघडेपर्यंत त्यातून पैसे निघत नाहीत. तिशी ओलांडलेल्यांना विम्याची वेगळी सोय पाहावी लागते. ती पुण्यातूनच पाहून ठेवावी.

औषधांची पिशवी हातातल्या बॅगेत असावी. त्यात पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, दोन-तीन अँटिजेन चाचणी संच आणि तुमची नेहमीची औषधे असावीत. आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्यावी आणि तिच्यावर औषधांची मूळ रासायनिक नावे असावीत, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे इथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाहीत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते आणि संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित आहे. दुबईमार्गे येणाऱ्यांनी अशी बाटली घरीच ठेवलेली बरी. अँटिबायोटिकचा साठा आणण्याची प्रथा मला अजिबात पसंत नाही. विषाणूवर ती चालत नाहीत, आणि पुण्यात ओळखीच्या केमिस्टने दिली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. खाण्याच्या बाबतीत मेतकूट, भाजणी, लिंबाचे लोणचे हे सारे आणता येते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात आणायला बंदी आहे, त्यामुळे आजीने कढवलेले साजूक तूप कस्टममध्ये काढून घेतले जाऊ शकते. तापातल्या मऊ भातावर इथल्या लोण्याचे कढवलेले तूप उत्तम चालते, हे घरच्यांना आधीच समजावून ठेवावे.

इथे आल्यावर पत्त्याची नोंदणी झाली की लगेच, धडधाकट असतानाच, जवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, शोधून ठेवावा; पुष्कळ दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत आणि तापात दहा ठिकाणी फोन करणे जिवावर येते. पुण्यात आपण संध्याकाळी सरळ दवाखान्यात जाऊन बाकावर बसतो, तसे इथे खोकत जाऊ नये. आधी फोन करावा, लक्षणे सांगावीत, मग ते वेळ देतात आणि मास्क लावून यायला सांगतात. दवाखाना बंद असेल तेव्हा ११६११७ या क्रमांकावर डॉक्टरांची सोय होते. साध्या तापाला डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत, गोळ्यांची पुडीही देत नाहीत. विश्रांती घ्या आणि चहा प्या असे सांगून परत पाठवतात, आणि तो चहाही आपला नव्हे, बडीशेप किंवा कॅमोमाइलचा काढा. याला हलगर्जीपणा समजू नये. पॅरासिटामॉलही किराणा दुकानात मिळत नाही, फक्त ॲपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, मिळते, आणि चिठ्ठीविना ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्यांपर्यंतचेच पाकीट मिळते. रात्री आणि रविवारी पाळीपाळीने एखादे ॲपोथेके उघडे असते. त्याचा पत्ता बंद ॲपोथेकेच्या दारावर लावलेला असतो.

सामायिक स्वयंपाकघर असलेल्या घरात कोणी आजारी पडले तर त्याचे जेवण दाराबाहेर ठेवावे, आणि थंडी कितीही असली तरी खिडक्या दिवसातून काही वेळा पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात. जर्मन घरमालक याबाबतीत एरवीही आग्रही असतात, तेव्हा त्यांचीही मर्जी राखली जाते. चाचणी पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून लगेच कोणाच्या वाढदिवसाला जाऊ नये. ४८ तासांनी ती पुन्हा करावी. पुण्यात आई-वडिलांपैकी एकाकडे विम्याची पॉलिसी, पासपोर्टची प्रत आणि इथल्या एका मित्राचा फोन क्रमांक असावा, आणि रोज ठरलेल्या वेळी निरोप द्यावा. हिवाळ्यात घड्याळात साडेचार तासांचे अंतर असते, त्यामुळे इथल्या रात्री अकराला केलेला फोन तिथे पहाटे साडेतीनला वाजतो आणि सारे घर घाबरून उठते.

धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, बोलताना भ्रम होत असेल, तर ११२ लावावा. ऑक्सिमीटरवर पुन्हापुन्हा ९४ च्या खाली आकडा येत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता ११६११७ वर बोलावे. रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना एक अडचण येते, ती पुण्यातल्या सोसायटीत राहिलेल्यांच्या ध्यानात येत नाही. इथे बहुतेक इमारतींत सदनिकांना क्रमांक नसतात. खाली बेलच्या पट्टीवर आडनावे असतात आणि येणारा माणूस आडनाव शोधूनच बेल दाबतो. पोटभाडेकरू म्हणून राहायला आलेल्या मुलाचे आडनाव तिथे नसते, मूळ भाडेकरूचेच असते. तेव्हा खोलीची किल्ली मिळाली त्याच दिवशी घरमालकाची परवानगी घेऊन बेलवर आणि पत्रपेटीवर आपले आडनाव चिकटवावे. विम्याचे कार्डही टपालाने त्याच पेटीत येते आणि नाव नसेल तर परत जाते.