महापालिकेचा पैसा कुठल्या वस्तीत जातो, हे असं तपासा

नाशिक महापालिकेच्या अंदाजपत्रकातली तरतूद पाहून हुरळू नका. तिच्याशेजारी मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च ठेवा. दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या 5 टक्के निधीपासून सुरुवात केलेली बरी, कारण तो हक्काचा आहे.

मग माहिती अधिकाराचा अर्ज: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. सुखवस्तू गंगापूर रोड आणि झोपडपट्टीचं फुलेनगर या दोन भागांत एकाच आर्थिक वर्षात गटारींवर किती खर्च झाला, ते कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि अंतिम देयकं (फायनल बिलं) यांच्या प्रतींसह मागा. आकड्याला लोकसंख्येने भागा, नाहीतर तुलना फसते.

‘खर्च का केला नाही?’ असं विचारलं की अर्ज हमखास अडतो. कारणं नव्हे, कागद मागायचे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा; त्याला 20 रुपये लागतात.